‘हौसिंगच गेलंय की मालक’

मागच्या चाकांवर चालणारी आमची डिझेल जीप पावणेतीन लाख किलोमीटरच्या पुढे गेली आहे. एवढ्या चाललेल्या गाडीत आवाज येणारच, त्याबद्दल माझी तक्रार नाही. तक्रार ही आहे की गॅरेजमधल्या मिस्त्रींनी ती ना चालवून पाहिली, ना जॅकवर घेतली. बॉनेटला टेकून उभ्या उभ्या सांगून टाकलं, "हौसिंगच गेलंय की मालक. क्राऊन-पिनियन सेट टाकायला लागतंय." हौसिंग म्हणजे मागच्या दोन चाकांच्या मधला दातेरी चाकांचा डबा, आणि क्राऊन-पिनियन म्हणजे त्यातली, फिरणं चाकांकडे वळवणारी दातेरी जोडी. खर्च पाच आकडी, आणि तोही तोंडी.

दुखणी तीन होती. पहिला गिअर टाकून क्लच सोडला किंवा रिव्हर्स घेतला, की खालून ‘टक्’. साठ ते पंच्याहत्तरच्या वेगात पायाखालच्या पत्र्यात बारीक थरथर. आणि ॲक्सिलरेटरवरून पाय काढला की मागून ‘ऊंऽऽ’. मिस्त्रींच्या हिशेबात तिन्हींचं मूळ एकच. पण ऊंऽऽ जुना होता, आमच्या घरात त्याची सगळ्यांना सवय झाली होती. टक् हळूहळू वाढत आलेला. थरथर मात्र क्लच प्लेट बदलून आणल्यावरच सुरू झाली, आणि ती प्लेट बदलली याच गॅरेजने. मी हे पुन्हा पुन्हा सांगत होतो. ते मान डोलवत होते आणि चहा मागवत होते.

मग सुरू झालं ते "ठेवून जावा गाडी, बघतो." संध्याकाळी गेलो तर गाडी जिथे लावली तिथेच. दुसऱ्या खेपेला कळलं, काम करणारं पोरगं गड्ड्याला गेलंय. सिद्धरामेश्वरांच्या यात्रेबद्दल सोलापुरात कुणी काय बोलणार? गप्प बसलो. गड्डा आटोपल्यावर टायर बॅलन्सिंग आणि अलाइनमेंट करून ठेवलेली सापडली, न विचारता, बिलासकट. थरथर तशीच. मग "इंजिनचे फाउंडेशन रबर बघू." तेही बदलले. थरथर तशीच. मी म्हटलं, "एकदा माझ्याबरोबर बसून पुणे रोडला चला, कोंडी गावापर्यंत जाऊन येऊ." वेळ नाही. पण क्राऊन-पिनियन सेट मागवायला वेळ होता. तो येतोय असं मला फोन करून सांगण्यात आलं, जणू मीच मागवला होता. त्या दिवशी मी गाडी उचलून घरी आणली. झालेल्या कामाचे पैसे दिले, हुज्जत घातली नाही. आता वाटतं, थोडी घालायला हवी होती.

पुणे रोडला मग मी एकटाच गेलो. सत्तरच्या पुढे नेऊन, मागे कुणी नाही बघून, गिअर न्यूट्रलला टाकला आणि गाडी नुसती घरंगळू दिली. (इंजिन चालूच ठेवायचं, चावी फिरवायची नाही.) थरथर गेली नाही. म्हणजे इंजिन, त्याचे रबर आणि क्लच एका फटक्यात संशयातून सुटले. ते रबर बदलण्याआधी ही चाचणी कुणी दोन मिनिटांत केली असती तर माझे पैसे वाचले असते.

उरले चाकं, जॉइंट शाफ्ट (गिअरबॉक्सचं फिरणं मागे हौसिंगपर्यंत नेणारा लांब दांडा) आणि हौसिंग. चाकाचा घेर साधारण सव्वादोन मीटर धरला तर सत्तरच्या वेगाला चाक सेकंदाला नऊच्या आसपास फेरे घेतं. शाफ्ट त्याच्या चौपट फिरतो, कारण क्राऊन-पिनियनचं प्रमाण अशा गाड्यांत चारच्या आगेमागे असतं. चाकाचा दोष असेल तर धक्के जाडे येतात, स्टिअरिंग हलतं, सीट डुलते. शाफ्टचा दोष म्हणजे दळणाच्या गिरणीजवळ उभं राहिल्यावर जमीन गुणगुणते ना, तसं. माझं स्टिअरिंग शांत होतं आणि पत्रा गुणगुणत होता. टायर बॅलन्सिंगने फरक पडणार नाही हे तिथेच ठरलेलं होतं.

व्हील बेअरिंगही बघून घेतलं. मोकळ्या रस्त्यावर गाडी हलकेच डावी-उजवी झुकवली की ज्या बाजूवर वजन जातं तिथल्या खराब बेअरिंगची घरघर वाढते. उजवीकडे वळताना डावीकडचं बोलतं. माझ्याकडे काहीच बदल झाला नाही. शिवाय बेअरिंगच्या घरघरीला ॲक्सिलरेटरशी देणंघेणं नसतं. माझा ऊंऽऽ मात्र पाय काढला की यायचा आणि दाबला की जायचा, तुळजापूरच्या घाटात उतरताना तर सलग. तो हौसिंगचाच. याबाबतीत मिस्त्री बरोबर होते, हे मान्य करायला जिवावर येतं.

गाडीखाली जाणाऱ्यांनी नुसत्या जॅकवर भरवसा ठेवू नये, खाली स्टँड हवेतच. पुढच्या चाकांना दगड लावा, गाडी न्यूट्रलला ठेवा. शाफ्ट हाताने फिरवला तर थोडा इकडेतिकडे होतो, त्याला घाबरायचं नाही. हौसिंगमधल्या दातांचा मोकळेपणा तिथे एकत्र जाणवतो. बघायचा तो क्रॉस, म्हणजे शाफ्टच्या टोकाचा अधिकच्या चिन्हासारखा सांधा. क्रॉसच्या दोन बाजू दोन हातांत धरून उलट दिशांना पिळायच्या, वर-खाली ढकलायच्या. तिथे हाताला काहीही जाणवता कामा नये. माझ्या मागच्या क्रॉसचा प्ले, म्हणजे ढिलेपणा, डोळ्याला दिसत होता, आणि कपांच्या कडेला तांबूस भुकटी साचली होती. कपांतलं ग्रीस संपून आतल्या बेअरिंगच्या सुया गंजल्या की ही भुकटी बाहेर येते. टक् तिथला होता.

शाफ्ट काढून अक्कलकोट रोड एमआयडीसीत एका लेथवाल्या अण्णांकडे नेला. यंत्रमागांचे सुटे भाग दुरुस्त करण्यात हयात गेलेली, गाड्यांचं काम मधूनमधून. त्यांनी काही विचारलं नाही. डिझेल आणि ब्रशने शाफ्ट घासला, त्याचे दोन तुकडे एकमेकांत बसतात त्या सरकणाऱ्या दातेरी जोडाजवळ बोट ठेवलं आणि म्हणाले, "बाण बघा की." दोन्ही तुकड्यांवर कारखान्याने मारलेले बाण चिखलाखाली लपले होते, आणि ते समोरासमोर नव्हते. क्लचच्या कामात शाफ्ट उतरवला, खूण न करता परत बसवला, आणि जोड काही दाते सरकून बसला.

क्रॉस तिरका चालतो तेव्हा फिरण्याचा वेग एका फेऱ्यात दोनदा वाढतो, दोनदा कमी होतो. शाफ्टच्या दुसऱ्या टोकाचा क्रॉस हा चढउतार उलटा करून मिटवतो, पण दोन्ही टोकांचे काटे, म्हणजे क्रॉस धरणारी दुहेरी टोकं, एका रेषेत असतील तरच. रेष चुकली की शाफ्ट कितीही बॅलन्स करा, थरथर राहणार. अण्णांनी हजाराच्या आतबाहेरचा नवा क्रॉस बसवला, बाण जुळवले, बॅलन्सिंगची गरज नाही म्हणून स्वतःहून सांगितलं. कोंडीपर्यंत जाऊन आलो. पंच्याहत्तरला पत्रा गप्प होता. मी एकटाच गाडीत हसत होतो.

हौसिंगचं ऑइलही त्यांच्याच समोर काढलं. ऑइल काढायच्या बोल्टच्या लोहचुंबकावर बारीक काळपट लगदा होता, तो चालतो. चकचकीत पापुद्रे किंवा दाताचा तुकडा सापडला असता तर खोलावंच लागलं असतं. अण्णांनी डायल गेजने दातांमधलं अंतर मोजलं, मर्यादेत निघालं. नवं जीएल-५ दर्जाचं गिअर ऑइल भरलं, पिनियनचं ऑइल सील पाझरत होतं ते बदललं. ऊंऽऽ थोडा मऊ झाला. तो तसाच राहू द्यायचा मी ठरवलं आहे. आवाज वाढला किंवा पाय दाबल्यावरही यायला लागला तर बघू.

पुढच्या चाकांवर चालणारी गाडी असेल तर यातलं बरंच लागू नाही. तिथे स्टिअरिंग पूर्ण वळवून हळू चालवा. कटकट आली तर चाकाकडचा जॉइंट गेला, आणि त्याआधी बहुधा त्याचं रबरी बूट फाटलेलं असतं.

क्लचचं काम कुठेही करा, शाफ्ट उतरवण्याआधी त्यावर खडूने नव्हे, पंचने खूण मारून घ्या, आणि ती मारताना तिथे उभे राहा. अजून एक राहिलंच: हौसिंगचं ऑइल काढताना आधी वरचा, भरायचा बोल्ट सुटतो का ते बघा आणि मगच खालचा खोला. वरचा जाम निघाला तर गाडी ऑइलशिवाय जागेवर अडकते.