तुम्ही विचारलंत म्हणून: ती कोविडच्या रोजच्या आकड्यांची शीट मी अजून का ठेवलीये

"संपलं ना सगळं, मग ती शीट अजून कशाला ठेवलीयेस?" ऑफिसात विचारतात, लग्नाकार्यात विचारतात, परवा तर सख्ख्या भावाने विचारलं. वर "तुला त्यात काय मिळतं" हे आहेच. आता एकदाच नीट सांगते.

मी डॉक्टर नाही की आकडेशास्त्रवाली नाही. ३० जानेवारी २०२० ला केरळात पहिली केस सापडली, वुहानहून आलेली विद्यार्थिनी, तेव्हा मीही बातमी वाचून पुढे गेले होते. मग ९ मार्चला पुणे, दुबईहून आलेलं जोडपं, ११ मार्चला मुंबई, त्याच दिवशी डब्ल्यूएचओने पँडेमिक जाहीर केलं आणि १ एप्रिलला धारावी. धारावी म्हणजे महापालिकेचा आमचाच वॉर्ड, जी-नॉर्थ, मी माहीमला राहते. जॉन्स हॉपकिन्स या अमेरिकन विद्यापीठाच्या ऑनलाइन नकाशावर अख्ख्या देशांचे लाल गोळे दिसायचे, पण मला कळायला हवं होतं की आमच्या गल्लीच्या किती जवळ आलंय. जी-नॉर्थचे आकडे धारावी, दादर, माहीम असे वेगवेगळे यायचे, ते मी या शीटमध्ये लिहायला लागले आणि बिल्डिंगच्या ग्रुपवर टाकायला लागले.

"लोकांना घाबरवतेस" असं तेव्हा बोलले त्यांना माझं आजही तेच उत्तर आहे. तुम्हीच म्हणत होतात ना की हे धारावीवाल्यांचं आहे, आपल्याकडे नाही? दादर-माहीमचे आकडे शेजारी दिसायला लागले तेव्हा ते बोलणं थांबलं. आणि जुलैच्या सेरो सर्व्हेत, म्हणजे रक्त तपासून कोणाला आधीच होऊन गेलंय ते बघतात त्यात, मुंबईच्या तीन वॉर्डांतल्या झोपडपट्ट्यांत ५७ टक्के आणि बिल्डिंगांत १६ टक्के लोकांमध्ये अँटीबॉडी निघाल्या, म्हणजे रोजच्या टेस्टमधून दिसत होतं त्याच्या कितीतरी पट लोकांना आधीच होऊन गेलेलं, आणि तेही दोन्हीकडे.

पण शीट ठेवण्याचं कारण हे नाही. कारण समोरचे काका.

मे महिन्यात रात्री त्यांना धाप लागली, ॲम्ब्युलन्स आली, तिसऱ्या दिवशी हॉस्पिटलमधून फोन. बॉडी घरी आणलीच नाही. रिपोर्ट नंतर आला, पॉझिटिव्ह, पण सर्टिफिकेटवर नुसता न्यूमोनिया. मुलगा नागपूरला, लॉकडाऊनमध्ये अडकलेला. संध्याकाळी काकू दार अर्धं उघडून, मास्क लावून उभ्या, मला म्हणाल्या, "आजच्या आकड्यात हे आहेत का गं?"

काय सांगणार? आकड्यात नाव नसतं. माहीम, मृत्यू, इतके, बस. "बघते" म्हटलं. दुसऱ्या दिवशी परत तेच, मग रोजच, त्या त्याच वेळेला दारात यायच्या आणि मी लॅपटॉप घेऊन पॅसेजमध्ये यायचे, दोघींच्या मध्ये जिन्याचा कठडा, आणि मी वाचून दाखवायचे, त्या ऐकायच्या आणि दार लावून घ्यायच्या. त्यांना नुकसानभरपाई नको होती, कोणाशी भांडायचं नव्हतं. आपला माणूस या आजाराने गेला हे कुठेतरी धरलं गेलंय एवढं कळायला हवं होतं.

१६ जूनला एकदम बातमी आली, आधी न धरलेले मृत्यू आता धरले, राज्यात १३२८, त्यातले मुंबईचे ८६२. एका दिवसात. काकू दारात येऊन म्हणाल्या, "मग यात असतील." मी म्हटलं, "असतील." ते खोटं होतं असं मला वाटत नाही, आणि खरं होतं असंही सांगता येत नाही. त्यानंतर त्यांनी विचारायचं थांबवलं.

२०२० मधली मी म्हणायची की नीट मोजलं की सगळं कळेल. तिला आता मी विचारते, काय कळलं? मे २०२२ मध्ये डब्ल्यूएचओने २०२०-२१ साठी भारतातले जादा मृत्यू, म्हणजे एरवी झाले असते त्याहून जास्त झालेले, ४७ लाख सांगितले, कोविड मृत्यूंचा सरकारी आकडा सुमारे ४.८ लाख, सरकारने तो हिशोबच मान्य केला नाही. काका कुठल्या आकड्यात बसतात? मग ती मला उलट विचारते, न मोजता तरी काय कळलं असतं? यावर माझ्याकडे उत्तर नाही. देशभरचे आकडे गोळा करणाऱ्या कोविड१९इंडिया वेबसाइटच्या पोरांनी ऑक्टोबर २०२१ अखेर काम थांबवलं, जॉन्स हॉपकिन्सवाल्यांनी मार्च २०२३ मध्ये, आणि त्यांनी तरी किती वर्षं ओढायचं. मला मात्र डिलीट दाबवत नाही.

भाऊ म्हणतो, काकू विसरल्या, तू का धरून बसलीस. काकू विसरल्या हे त्याला कोणी सांगितलं? त्या नागपूरला मुलाकडे असतात, दिवाळीला फोन करतात, काकांचा विषय त्या काढत नाहीत, मीही काढत नाही.

कोणाला शीट हवी असेल तर मागा, पाठवते. १६ जूनच्या ओळीत ८६२ तसेच ठेवलेत. ते एप्रिल-मेच्या तारखांवर वाटून टाक, ग्राफ सरळ दिसेल, असं एकाने सुचवलं होतं. पण कोण कुठल्या दिवशी गेलं ते मला माहीत नाही, मग कुठल्या तारखेला किती टाकू?