डबकं आधी, पीसीआर नंतर

हिवतापावर संशोधन करायचं ठरवलेली मुलं बहुतेक वेळा पीसीआरपासूनच, म्हणजे परजीवीचा डीएनए शोधणाऱ्या प्रयोगशाळेतल्या तपासणीपासूनच बोलायला लागतात. गोव्यात सुरुवात बांधकामाच्या साइटवर होते. इथला शहरी हिवताप मुख्यतः ॲनोफेलिस स्टिफेन्सी हा डास पसरवतो आणि त्याला साठवलेलं स्वच्छ पाणी आवडतं. काँक्रीट पक्कं व्हावं म्हणून (क्युरिंगसाठी) स्लॅबवर कोंडलेलं पाणी, झाकण नसलेली टाकी, पिंप, वापरात नसलेली विहीर, यांतलं काहीही त्याला चालतं.

अळ्या काढायचा डिपर म्हणजे पळीसारखं भांडं, साधारण ३०० मिलिलिटरचं, पांढरं. ते तिरकं धरून हळूच पाण्यात सरकवायचं; अशी एक बुडी म्हणजे एक डिप. सावली पडली की अळ्या तळाशी जातात, म्हणून सूर्य पाठीशी घेऊन उभं राहू नये. ॲनोफेलिसची अळी पाण्याच्या पृष्ठभागाला समांतर पडून असते. क्युलेक्स आणि एडिस या दुसऱ्या डासांच्या अळ्या श्वसननळीने तिरक्या लटकतात. खरी चूक वहीत होते. ज्या डिपमध्ये काही मिळालं नाही तो लिहिलाच जात नाही, मग सरासरी घनता फुगते आणि दोन वर्षांनी आकडे जुळत नाहीत. शून्य हीसुद्धा नोंद आहे!

रक्ताच्या स्लाइडचंही तसंच. जाड थेंबाचा स्मिअर, म्हणजे काचेवरचा रक्ताचा थर, एवढाच जाड हवा की खाली ठेवलेलं छापील अक्षर त्यातून जेमतेम वाचता यावं. पावसाळ्यात तो लवकर सुकत नाही, माश्या-मुंग्या येतात, म्हणून कुणीतरी दिव्याखाली तापवतं. तिथेच घात होतो: उष्णतेने स्मिअर पक्का होतो, लाल पेशी फुटत नाहीत आणि परजीवी त्या रंगात दडून जातात. पातळ स्मिअर मिथेनॉलने पक्का करताना त्याच स्लाइडवरच्या जाड भागाला थेंब लागला तरी हाच प्रकार. जिम्सा हा रंग ३ टक्के असेल तर ४५ मिनिटं, घाई असेल तर १० टक्के आणि १० ते १५ मिनिटं. पाण्याचा पीएच ७.२. सूक्ष्मदर्शकाखाली किमान १०० फील्ड (एका वेळी दिसणारा भाग) पाहिल्याशिवाय निगेटिव्ह लिहू नये. मोजणी २०० पांढऱ्या पेशींमागे: ५० परजीवी दिसले तर ५० गुणिले ८०००, भागिले २००, म्हणजे मायक्रोलिटरला २०००. (८००० हा पांढऱ्या पेशींचा धरून चाललेला आकडा आहे, त्या रुग्णाचा मोजलेला नव्हे. प्रबंधात हे स्पष्ट लिहावं.)

आता कारकीर्द. सूक्ष्मजीवशास्त्र किंवा प्राणिशास्त्रात एमएस्सी, मग जेआरएफ, म्हणजे कनिष्ठ संशोधन फेलोशिप. दोन वर्षं महिना ३७,००० रुपये, पुढची तीन वर्षं एसआरएफचे (वरिष्ठ फेलोशिपचे) ४२,००० आणि घरभाडं वेगळं. डॉक्टर असाल तर कम्युनिटी मेडिसिन किंवा मायक्रोबायोलॉजीत एमडी. साथरोगशास्त्राकडे ओढा असेल तर आयसीएमआरच्या (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या) चेन्नईतल्या संस्थेतला दोन वर्षांचा एमपीएच, म्हणजे सार्वजनिक आरोग्यातली पदव्युत्तर पदवी.

पण फेलोशिपची पाच वर्षं म्हणजे हिवतापाचे पाच हंगाम, पाच पावसाळे, आणि हिशेब तिथून मांडावा. पहिला पावसाळा एथिक्स कमिटीच्या मंजुरीत आणि हात बसवण्यात जातो, शेवटचा प्रबंध लिहिण्यात. उरले तीन. कागदपत्रं डिसेंबर-जानेवारीतच सादर करावीत, कारण मंजुरी जूनच्या पुढे गेली की ते वर्ष गेलंच.

त्या तीन पावसाळ्यांतही माणसं हातातून निसटतात. औषध लागू पडलं का हे पाहायला २८ दिवस पाठपुरावा लागतो, पण स्लॅब टाकून झाला की साइटवरचा तापाचा रुग्ण, म्हणजे मजूर, दुसऱ्या साइटवर किंवा थेट गावी. व्हायव्हॅक्स या प्रकारच्या हिवतापात गुंता वाढतो: यकृतात झोपलेले परजीवी महिन्यांनी जागे होतात, त्यामुळे पुन्हा आलेला ताप जुना की नव्या डासाचा, हे नुसत्या स्लाइडवरून कळत नाही. या झोपलेल्या परजीवींवरच्या प्रायमाक्विन या औषधाचा १४ दिवसांचा कोर्स पुरा झाला की नाही, ही नोंद म्हणूनच स्लाइडइतकी मोलाची. पीसीआरची खरी गरज इथे लागते, आणि तरीही व्हायव्हॅक्समध्ये त्याचा निकाल निर्विवाद नसतो.

संमतीपत्र मजुराच्या भाषेत हवं, कन्नड किंवा हिंदी. मराठी-कोकणी पुरत नाही. नमुन्याचा आकार ठरवताना निघून जाणारे आधीच धरावेत. आणि मजुराच्या संमतीने रजिस्टरमध्ये मुकादमाचाही नंबर घ्यावा. मजुराचा फोन रिचार्ज संपला की बंद. मुकादम मात्र पुढच्या साइटवरही सापडतो.