जमिनीला कान लावायला ब्राझीलला

मुळं, बुरशी आणि झाडांच्या जमिनीखालच्या गप्पा या विषयावर हल्ली इतकी मांडणशिल्पं होतात की मला त्यांचा कंटाळा यायला लागला होता. अंधारी खोली, भिंतीवर लुकलुकणारे धागे आणि स्पीकरमधून येणारा ‘झाडाचा आवाज’, जो ऐकताच सिंथेसायझर आठवतो. ब्राझीलमधल्या इन्होतिमला गेलो ते नेमक्या उलट कारणासाठी. तिथे एका टेकडीत २०२ मीटर खोल भोक पाडून त्यात मायक्रोफोन सोडलेत, आणि वर जे ऐकू येतं ते थेट, त्याच क्षणाचं.

इन्होतिम म्हणजे समकालीन कलेचं संग्रहालय आणि वनस्पती उद्यान एकत्र. मिनास जेराइस राज्यात, ब्रुमाजिन्यो गावाजवळ. २००६ पासून ते सगळ्यांसाठी खुलं आहे. बेलो होरिझोंते शहरापासून अंतर साधारण ६० किलोमीटर. शहराच्या बस स्थानकावरून सकाळी बस मिळते, तीच संध्याकाळी परत आणते. खिडकीवर मात्र ‘इन्योचीं’ म्हणा. मी दोनदा ‘इन्होतिम’ म्हटलं तर तिकीटवाला नुसता बघत राहिला. इंग्रजीवर विसंबू नका. फोनमध्ये पोर्तुगीज भाषांतर ऑफलाइन उतरवून ठेवा.

पहिल्या दिवशी मी सगळं चुकवलं. दारापासूनची मांडणी एकेक बघत निघालो आणि टेकडीवर पोचलो ते भर दुपारी, घामाघूम. वर काचेचा गोल मंडप, डग एटकिन या अमेरिकी कलाकाराचं २००९ मधलं काम. आत शाळेची सहल. दोनशे मीटरखालची पृथ्वी काय बोलत होती देव जाणे, मला चाळीस जोडी बुटांचा आवाज ऐकू आला. चरफडत खाली उतरलो. मग गावातच एक खोली शोधली आणि मुक्काम एका रात्रीने वाढवला.

दुसऱ्या दिवशी दार उघडताच थेट तिथे. आवारात विजेवर चालणाऱ्या गाड्या फिरतात, त्यांचे पैसे वेगळे. एरवी मी पायीच चला म्हटलं असतं, पण सकाळी ही टेकडी गाठायला गाडीच घ्या. वर पोचलो तेव्हा आत मी आणि एक कर्मचारी, दोघंच. लाकडी जमीन, मधोमध ते भोक. काचेवर अशी फिल्म लावलीय की समोर बघाल तेवढंच स्वच्छ दिसतं, बाजूचं सगळं धूसर. त्यामुळे डोळ्यांना फारसं काम उरत नाही. मी भिंतीला टेकून खाली बसलो. सुरुवातीला वाटलं, कुठेतरी जनरेटर चालू असावा. पाचेक मिनिटांनी त्या घरघरीत थर वेगळे व्हायला लागले: एक शेजारच्या घरात जातं फिरावं तसा, सलग, आणि त्यावर मध्येच येणारा एक बारीक तडका, वाळकी शेंग फुटावी तसा. मध्येच सगळं इतकं खाली गेलं की ऐकतोय ते भोकातलं की माझ्याच पोटातलं, कळेना. अर्धा तास बसलो. दहा मिनिटांत उठणार असाल तर वर जाऊच नका.

हा काही मुळांचा आवाज नव्हे. बहुतेक झाडांची बहुतेक मुळं वरच्या एक-दोन मीटरांतच असतात; मायक्रोफोन त्यांच्या कितीतरी खाली गेलेले. पण मला हे काम प्रामाणिक वाटलं ते याचसाठी. मुळांना बुरशीची साथ असलेल्या बर्च आणि डग्लस फर या झाडांत कार्बनची देवाणघेवाण होते हे वनशास्त्रज्ञ सुझान सिमर्ड आणि सहकाऱ्यांनी १९९७ मध्ये ‘नेचर’ या विज्ञानपत्रिकेत दाखवलं. त्यावर पुढे केवढा डोलारा उभा राहिला: आईझाड, लेकरं, निरोप, इशारे. २०२३ मध्ये जस्टिन कार्स्ट आणि आणखी दोन संशोधकांनी पुरावे तपासून सांगितलं की जंगलातल्या बुरशीच्या जाळ्याबद्दलचे बरेच दावे पुराव्याच्या पुढे धावलेत. कलाकार मात्र अजून त्या डोलाऱ्यावरच कामं रचताहेत. एटकिनच्या मंडपात जमीन कुणाची आई नाही आणि ती तुमच्याशी बोलतही नाही. ऐकायचं तर ऐका.

तिथून इटालियन शिल्पकार जुझेप्पे पेनोनेच्या ‘एलेव्हात्झिओने’कडे जा. चेस्टनटच्या जुन्या झाडाचं ब्राँझचं ओतकाम, लोखंडी पायांवर जमिनीपासून उचलून धरलेलं. भोवती पाच खरी झाडं लावलीत, ती वाढत जाऊन त्याला तोलून धरताहेत असं दिसावं म्हणून. लांबून ते साधं झाडच वाटतं आणि लोक पुढे निघून जातात. जवळ जाऊन वाका. मुळं हवेत आहेत आणि त्यांच्याखालून पलीकडचं गवत दिसतं.

अमेरिकी कलाकार मॅथ्यू बार्नीचं ‘दे लामा लामिना’ निलगिरीच्या बनात आहे. आरशासारख्या काचेच्या घुमटात जंगलतोडीचं अवाढव्य यंत्र, त्याच्या पंजात पांढरंफेक झाड. आफ्रो-ब्राझिली धर्मातले दोन देव, लोखंडाचा ओगुन आणि पानापाल्याचा ओसाइन, यांच्यातल्या भांडणावर ते बेतलंय. मला ते जरा जास्तच आरडाओरडा करणारं वाटलं. पण बाहेर आलो तर पायाखाली लोहखनिजाची तांबडी माती, आणि ब्रुमाजिन्यो हे नाव जगाला माहीत आहे ते या उद्यानामुळे नव्हे. २५ जानेवारी २०१९ ला याच भागात खाणीच्या गाळाचा बांध फुटला आणि २७० माणसं गेली. गावात राहणार असाल तर हे ठाऊक असू द्या, पण आपणहून विषय काढू नका. मी काढला. खोलीच्या मालकीणबाईंनी मान हलवली आणि कॉफी ओतायला घेतली.

पाय दुखले की जागोजाग ह्यूगो फ्रांसाची भलीमोठी बाकं आहेत, पेकी नावाच्या झाडाच्या पडलेल्या, जळक्या खोडांतून आणि मुळांतून कोरलेली. त्यांवर बसायला बंदी नाही. मी एकावर चक्क झोपलो.

आता कोरडी माहिती. दोन दिवस ठेवाच. सोमवार-मंगळवारी सहसा बंद असतं, त्यामुळे वेळा निघण्यापूर्वी बघून घ्या. मे ते सप्टेंबर कोरडा काळ. बाकी वेळी छत्री आणि चिखलात चालणारे बूट हवेत. नकाशावर पिवळा, नारिंगी आणि गुलाबी असे तीन मार्ग आहेत. एका दिवशी तिन्ही करायच्या फंदात पडू नका. भारतीय पासपोर्टला व्हिसा लागतो. त्याहून महत्त्वाचं, ब्राझीलहून भारतात परतताना पिवळ्या तापाच्या लशीचा दाखला मागतात. लस ठरावीक केंद्रांवरच मिळते आणि ती घेऊन दहा दिवस उलटल्यावरच दाखला लागू होतो. नसेल तर विलगीकरणात जावं लागू शकतं. माझा दाखला मोठ्या बॅगेत होता आणि बॅग विमानाच्या पोटात. तुमचा पासपोर्टातच ठेवा.