५७ मिलिक्युरी आणि पाच उपाशी माणसं

फ्लोरीन-१८ हे किरणोत्सर्गी द्रव्य कुणासाठी थांबत नाही. ११० मिनिटांत निम्मं होतं, पुढच्या ११० मिनिटांत त्याच्याही निम्मं. पेट स्कॅनच्या, म्हणजे किरणोत्सर्गी औषध टोचून शरीराच्या आतलं चित्र काढणाऱ्या विभागात काही वर्षं काढली की हे गणित अंगात भिनतं. भाजी शिजायला टाकतानाही डोक्यात कुठेतरी ते चालूच असतं. डिसेंबरात विधिमंडळाचं हिवाळी अधिवेशन नागपुरात भरतं तेव्हा त्याचा खरा त्रास होतो. आमचा विभाग सदर भागात, विमानतळ सोनेगावला, मधे सीताबर्डी. आणि अधिवेशनाच्या दिवसांत सीताबर्डीत मोर्चे.

आमचं औषध बाहेरगावच्या सायक्लोट्रॉनमधून, म्हणजे हे किरणोत्सर्गी अणू बनवणाऱ्या यंत्रातून, विमानाने येतं. त्या दिवशी धुक्यामुळे विमान उशिरा उतरलं. डबा गाडीत चढला तोवर रस्ते बंद व्हायला लागले होते. ड्रायव्हरचा फोन आला, "मॅडम, झिरो माइलले अडवलं. आता पूर्ण फिरून येऊन राहिलो." मी घड्याळ बघितलं. गाडीतल्या शिशाच्या डब्यात आमचं औषध मिनिटामिनिटाला कमी होत होतं, आणि बाहेर पाच माणसं रात्रीपासून उपाशी बसली होती.

उपाशी का, तर हे औषध म्हणजे साखरच. ग्लुकोजच्या रेणूत एका जागी फ्लोरीन-१८ बसवलेला असतो. भुकेल्या पेशी, म्हणजे मेंदू, हृदय आणि कॅन्सरच्या बहुतेक गाठी, ती साखर समजून आत ओढतात. पोटात आधीच पोहे गेलेले असतील तर सगळी साखर स्नायूंमध्ये पसरते आणि चित्र बिघडतं. म्हणून सकाळी ग्लुकोमीटर घेऊन मी प्रत्येकाच्या बोटाला टोचते आणि विचारते, "काही खाल्लं का?" खरं उत्तर मिळवणं ही या कामातली वेगळीच कला आहे. "फक्त चहा घेतला" म्हणणाऱ्याच्या चहात बिस्किटं बुडालेली असतातच.

पाचांत मानकापूरचे एक काका होते. कोराडीच्या औष्णिक वीज केंद्रातून निवृत्त झालेले, २१० मेगावॉटच्या जुन्या युनिटवर आयुष्य गेलेलं. गाठीच्या उपचारानंतरची तपासणी होती. घाबरलेले असावेत, पण त्यांची भीती प्रश्नांच्या रूपाने बाहेर पडत होती.

"मॅडम, या इंजेक्शनात अँटिमॅटर असते म्हणे. खरं आहे का जी?"

"खरं आहे, काका."

"मंग तुमी ते बाटलीत ठेवता कसं? मी ज्या विज्ञानकथा वाचल्या त्यात तं चुंबकाच्या बाटलीत ठेवतात. भिंतीला लागलं की गाव साफ!"

एरवी मी दोन वाक्यांत आटोपलं असतं. पण औषध रस्त्यात होतं आणि माझ्याकडे वेळ होता. म्हटलं, काका, आमच्या बाटलीत अँटिमॅटर नसतंच. असतात ते फ्लोरीनचे अस्थिर अणू. त्यातला एखादा अणू मोडतो तेव्हा केंद्रकातल्या एका प्रोटॉनचा न्यूट्रॉन होतो, आणि त्या क्षणी एक पॉझिट्रॉन आणि एक न्यूट्रिनो जन्माला येतात. पॉझिट्रॉन म्हणजे इलेक्ट्रॉनचा प्रतिकण, हेच ते तुमचं अँटिमॅटर. न्यूट्रिनो तुमच्यातून, पलंगातून, इमारतीतून, अख्ख्या पृथ्वीतूनसुद्धा काही न बोलता निघून जातो. पॉझिट्रॉनला मात्र तेवढं नशीब नाही. तो साधारण मिलिमीटरभरही जात नाही, तेवढ्यात त्याला तुमच्याच शरीरातला एक इलेक्ट्रॉन गाठतो आणि दोघंही संपतात. त्यांच्या जागी उरतात गॅमा किरणांचे दोन फोटॉन, प्रत्येकी ५११ किलोइलेक्ट्रॉनव्होल्टचे, एकमेकांच्या बरोबर विरुद्ध दिशांना पळणारे. आमचं मशीन म्हणजे त्या फोटॉनांची वाट बघणारं कडं. समोरासमोरच्या दोन डिटेक्टरांवर काही नॅनोसेकंदांच्या आत ठोका पडला, की त्या दोघांना जोडणाऱ्या रेषेवर कुठेतरी घटना घडली असं धरायचं. अशा कोट्यवधी रेषा जमल्या की चित्र तयार होतं.

काका थोडा वेळ गप्प बसले. हे त्यांच्या बाबतीत विशेष होतं.

"म्हणजे गाव साफ होत नाही."

"एक ग्रॅम असतं तर झालं असतं. एक ग्रॅम प्रतिद्रव्य, म्हणजे अँटिमॅटर, आणि एक ग्रॅम साधं द्रव्य भेटलं तर हिरोशिमाच्या बॉम्बच्या जवळजवळ तिप्पट ऊर्जा निघेल. पण माणसाने आजवर बनवलेलं सगळं गोळा केलं तरी ते ग्रॅमच्या आसपाससुद्धा जात नाही."

चुंबकाचा सापळा मात्र कथाकारांनी हवेतून काढलेला नाही, हेही मी सांगितलं. २०११ साली सर्न या युरोपातल्या कणभौतिकीच्या प्रयोगशाळेतल्या शास्त्रज्ञांनी प्रतिहायड्रोजनचे अणू चुंबकीय सापळ्यात हजार सेकंद टिकवून दाखवले होते. मग काकांनी दुसरा प्रश्न काढला: अँटिमॅटर खाली पडतं की वर? म्हटलं, खालीच. तेही सर्नमध्येच तपासलं गेलं, २०२३ साली. प्रतिद्रव्यावर तरंगणारी यानं ज्यांनी लिहिली त्यांची पंचाईत झाली. काका हसले. तेवढ्यात बाजूच्या एका नातेवाइकाने आवाज चढवला, "गप्पा मारून राहिले इथं, आमचा नंबर कवा?" त्याचं चुकत नव्हतं.

डबा आला तेव्हा अकरा वाजून गेले होते. हॉट लॅबमध्ये शिशाच्या आडोशामागून चिमट्याने बाटली डोस कॅलिब्रेटरमध्ये सोडली. आकडा स्थिरावला: ५७ मिलिक्युरी. मागवलं होतं त्याच्या निम्म्याच्या आसपास. एक मिलिक्युरी म्हणजे सेकंदाला ३ कोटी ७० लाख अणू मोडणं, त्यामुळे ऐकायला ५७ चिक्कार वाटतात. पण स्कॅनच्या वेळा सांभाळायला दोन इंजेक्शनांत २५ मिनिटांचं अंतर ठेवावं लागतं, आणि प्रत्येक २५ मिनिटांत उरलेल्यातले जवळपास १५ टक्के हवेत जातात. हवेत म्हणजे आपलं बोलायचं.

अशा वेळी शेवटच्या माणसाला "उद्या या" म्हणून परत पाठवायची पद्धत आहे. मला ती आवडत नाही. पुन्हा रात्रभर उपास, पुन्हा गाडीभाडं, आणि उद्या मोर्चे नसतील याची हमी कोण देणार? आमच्या फिजिसिस्टने आणि मी नंबरांची यादी बाजूला ठेवली. गडचिरोलीहून आलेली लहान मुलगी पहिली. तिला फिट यायच्या, मेंदूचं स्कॅन होतं, वजनाच्या मानाने चार मिलिक्युरी पुरत होते. नंतर बालाघाटच्या मधुमेही काकू, कारण त्यांना जास्त वेळ उपाशी ठेवणं धोक्याचं. मग बाकीचे दोघं. मधल्या तिघांना नऊ-नऊ. शेवटी काका, सगळ्यांत सडपातळ, साखर ठणठणीत.

हे बाहेर येऊन समजावलं तर काकांनी वर्तमानपत्राच्या कडेला आकडेमोड सुरू केली. ५७ वजा ४, उरले ५३, २५ मिनिटांनी ४५... ओठ हलत होते, पेन चालत होतं. "पाचव्याले आठाच्या वर उरते, मॅडम. थोडं बाटलीला चिकटलं तरी आठ भेटतेच. लावा मले शेवटी." आमच्या संगणकाने दिलेलं उत्तरही तेच होतं. चढ्या आवाजाच्या नातेवाइकाने ती कडा स्वतः तपासली आणि खाली बसला.

पावणेएकनंतर काकांना आठ मिलिक्युरी दिले. इंजेक्शननंतर तासभर पडून राहायचं, हालायचं नाही, बोलायचंही नाही. बोलताना स्वरयंत्राचे स्नायू काम करतात, काम करणारा स्नायू साखर ओढतो, आणि डॉक्टरांना गळ्यात नको ते दिसतं. आता त्यांच्या अंगातून किरणं निघत होती, त्यामुळे मीही त्यांच्याजवळ उभी राहू शकत नव्हते. आम्हाला त्यांच्यासारखे रोज पाच जण भेटतात आणि छातीवरचा टीएलडी बॅज, म्हणजे अंगावर पडलेला किरणोत्सर्ग मोजणारा बिल्ला, सगळा हिशेब ठेवतो. म्हणून कॅमेऱ्यातून नजर आणि स्पीकरवरून सूचना.

"काका, बोलू नका."

"नाही बोलत जी!" खोलीतून खणखणीत आवाज.

दहा मिनिटांनी ते सफाईवाल्या दादाला दाराआडून काहीतरी समजावताना दिसले. मी पुन्हा स्पीकर दाबला. "बिलकुल नाही बोलत, मॅडम. तुमी निश्चिंत राहा. याले फक्त न्यूट्रिनो सांगत होतो."

दुपारी तीनच्या सुमारास चित्र उमटलं. मेंदू नेहमीसारखा लख्ख, मूत्रपिंडं, मूत्राशय, आणि गळ्यात स्वरयंत्रावर दोन छोटे, सारख्या आकाराचे, ठसठशीत डाग. आमचे डॉक्टर खुर्चीत मागे रेलले आणि म्हणाले, "यांनी भाषण ठोकलेलं दिसतंय." रिपोर्ट देणं माझं काम नाही आणि काय निघालं ते इथे लिहिणारही नाही. स्वरयंत्राचं सांगायला मात्र हरकत नाही, ते काकांना मीच सांगितलं. त्यांना भलताच आनंद झाला.

मेंदूचं चित्र बघायचा त्यांनी हट्ट धरला. डॉक्टरांनी परवानगी दिली. स्क्रीनकडे बघत ते म्हणाले, "आसिमोव्हच्या रोबॉटांचे मेंदू पॉझिट्रॉनचे असतात. लहानपणी मले वाटे, हे कसं चालत असेल?" कसंच चालत नव्हतं. कार्ल अँडरसनला १९३२ साली मेघकक्षातल्या, म्हणजे कणांच्या वाटा दाखवणाऱ्या उपकरणातल्या, एका फोटोत हा कण सापडला होता, आसिमोव्ह रोबॉटांच्या कथा लिहू लागले तेव्हा तो नवाकोरा होता, ऐकायला झोकदार होता, म्हणून त्यांनी तो उचलला. हे त्यांनी स्वतःच कबूल केलेलं आहे. पण समोरच्या स्क्रीनवर निवृत्त माणसाच्या डोक्यातून निघालेल्या पॉझिट्रॉनांनीच काढलेला मेंदू होता, त्यामुळे मी फार वाद घातला नाही.

निघताना मी ठरलेल्या सूचना दिल्या. भरपूर पाणी प्या, आज लहान नातवंडांना मांडीवर घेऊ नका, घरात कुणी गरोदर असेल तर लांब बसा, उद्या सकाळी सगळं जवळपास संपलेलं असेल. काकांनी वर्तमानपत्राची कडा पुढे केली. पडल्या पडल्या हिशेब केला होता, म्हणजे हातही हलवला होता. आठ मिलिक्युरीतले सगळे पॉझिट्रॉन, अडीच लाख कोटींहून जास्त, संपून निघालेली ऊर्जा: अर्ध्या ज्यूलपेक्षा थोडी कमी.

"माझं युनिट इतकी वीज दोन नॅनोसेकंदात काढे," ते म्हणाले. "याच्यात यान काय, पंखाही हलत नाही."

मी हिशेब ताडून बघितला. बरोबर होता.

"आणि तो मोडलेला फ्लोरीन? त्याचं काय होते?"

ऑक्सिजन-१८ होतं, मी म्हटलं. सायक्लोट्रॉनमध्ये सुरुवातही ऑक्सिजन-१८ च्या पाण्यापासूनच होते. रेणूतल्या फ्लोरीनच्या जागी आता ऑक्सिजन आला की उरतं ते थोडंसं जड पण साधं ग्लुकोज, आणि पेशी ते नेहमीच्या साखरेसारखं वापरून टाकते.

काका दारात थांबले. "म्हणजे सकाळपासून उपाशी ठेवून शेवटी साखर चारलीच! बिलात लावली का तेवढी?"