चार हजारांत पहिलं युकुलेले: लाकूड नंतर, आधी नट बघा

युकुलेले म्हणजे गिटारसारखं दिसणारं, पण छोटं, चार तारांचं वाद्य. चार हजार रुपयांच्या आतल्या युकुलेलेवर लाकडाचं जे नाव छापलेलं असतं, त्याला फार मान देऊ नका. महोगनी, सपेली, कोआ, काहीही लिहिलेलं असो, आत बहुतेक वेळा प्लायच असतो. त्या झाडाचा म्हणून वर एक पातळ पापुद्रा चिकटवलेला असतो, कधी कधी तर नुसती छपाई. यात फसलो असं वाटून घ्यायचं कारण नाही. आपल्याकडच्या हवेला प्लायच बरा. त्याचे थर एकमेकांना आडवे चिकटवलेले असतात, त्यामुळे ओल धरली तरी तो फारसा फुगत नाही. वरचं तोंड अख्ख्या फळीचं असलेलं, दुकानदार ज्याला 'सॉलिड टॉप' म्हणतात ते वाद्य खानापूर-जांबोटीच्या पावसाळ्यात फुगतं आणि अथणीच्या एप्रिलमध्ये आकसतं. आवाज गोड असतो, कबूल. पण पहिल्याच वाद्याला ती उस्तवार नको.

या किमतीत वाद्य वाजवण्याजोगं आहे की भिंतीवर टांगण्याजोगं, हे ठरतं दांडीच्या वरच्या टोकाला असलेल्या बोटाएवढ्या पट्टीवर. तिला नट म्हणतात. तिच्या चार खाचांतून चार तारा खाली येतात. त्या खाचा कारखान्यात बऱ्याचदा घाईनं, उथळ कापलेल्या असतात. त्याचे परिणाम पुढं येतीलच. आधी आकाराचं बोलून घेऊ.

सोप्रानो २१ इंच, कॉन्सर्ट २३-२४, टेनर २६ आणि बॅरिटोन ३० इंच. ही मापं डोक्यापासून बुडापर्यंत अख्ख्या वाद्याची. बॅरिटोन पहिल्या खरेदीतून बाद करा, कारण ते गिटारच्या जमिनीकडच्या, बारीक चार तारांसारखं लावतात. शिकायला घेतलेला कॉर्डचा (एकत्र छेडायच्या स्वरांचा) तक्ता त्याच्याशी जुळणारच नाही. मोठ्या माणसानं कॉन्सर्ट घ्यावं. सोप्रानोची मोकळी तार साधारण ३५ सेंटिमीटर, कॉन्सर्टची ३८. तीन सेंटिमीटरनं काय होतं असं वाटेल, तर डी कॉर्ड धरून बघा. त्यात तीन बोटं एकाच पडद्यात (दांडीवरच्या आडव्या पट्ट्या म्हणजे पडदे, इंग्रजीत फ्रेट), दुसऱ्या, शेजारी शेजारी बसवावी लागतात. सोप्रानोवर ती एकमेकांच्या अंगावर चढतात आणि चौथी तार आपोआप दाबली जाते. शेतात किंवा वर्कशॉपात राबलेली जाड बोटं असतील तर नटची रुंदीही मोजा: ३५ मिलिमीटरपेक्षा ३८ केव्हाही चांगली. आठ-दहा वर्षांच्या पोराला मात्र सोप्रानोच हातात बसतं.

जत्रेत आणि खेळण्यांच्या दुकानात 'छोटी गिटार' म्हणून चार तारांचं एक रंगीत प्रकरण मिळतं. त्याचे पडदे प्लास्टिकच्या दांडीतच ओतलेले असतात. ते सुरात लागत नाही आणि लागलं तर टिकत नाही. पोराला वाटतं आपल्याला जमत नाही. त्यापेक्षा काही न घेतलेलं बरं.

आता दुकानात. बेळगावात, किंवा निपाणी-चिकोडीकडून जवळ म्हणून कोल्हापुरात गेलात, तरी गिटारांच्या रांगेत युकुलेले दोन-चारच टांगलेली दिसतील. 'घ्या की वो, सगळी सारखीच हायत' असं कुणी म्हटलं तर हसा आणि खिशातून फोन काढा. फोनवर ट्यूनरचं फुकट ॲप चालतं. वाद्य सुरात लावल्याशिवाय त्याची कुठलीही परीक्षा करता येत नाही.

घरी पेटी असणाऱ्यांना हे सूर लगेच ओळखू येतील. वाद्य उजव्या हातानं वाजवायच्या पद्धतीनं धरलं की छातीकडून जमिनीकडं चार तारा येतात: जी, सी, ई, ए. पेटीवर मधल्या सप्तकातली पांढरी पाच, पांढरी एक, पांढरी तीन, पांढरी सहा. पांढरी एकला सा मानला तर प, सा, ग, ध. म्हणजे सगळ्यात वरची तार सगळ्यात खर्जातली नाही. ती पंचमाची आणि दुसरीपेक्षा चढी. गिटारवाल्यांना हे उलटं वाटतं आणि ते ती तार एक सप्तक खाली लावायला जातात. मग तार सैल पडते आणि 'युकुलेले खराब आहे' असा निकाल लागतो. उलट दुसरी तार एक सप्तक चढवायला गेलात तर ती तुटेल. आणि घरची पेटी जुनी असेल तर तिच्यावर पूर्ण भरवसा ठेवू नका. तिचे स्वर किंचित चढे-उतरे असतात, ॲपशी भांडण होणारच.

तारा लागल्या की नटची परीक्षा. प्रत्येक तार पहिल्या पडद्यावर नेहमीच्या जोरानं दाबा आणि ट्यूनर बघा. पांढरी पाचची काळी चार, पांढरी एकची काळी एक, पांढरी तीनची पांढरी चार, पांढरी सहाची काळी पाच झाली पाहिजे. दोन लगतच्या स्वरांत १०० सेंट धरतात. काटा पाच सेंट इकडं-तिकडं गेला तर सोडून द्या. दहा म्हणजे कानाला कळायला लागतं. वीस चढलं तर ते वाद्य मोकळ्या तारांवर सुरेल आणि कॉर्ड धरला की बेसूर, असंच राहणार. कारण सरळ आहे: खाच उथळ म्हणून तार पडद्यापासून उंच, उंच म्हणून दाबताना ती जास्त ताणली जाते, ताण वाढला की स्वर चढतो. नटच्या अगदी जवळ हा ताण सर्वाधिक, म्हणून पहिल्या पडद्यावर खोट उघडी पडते. बहुधा जाड असलेली सीची तार सगळ्यात आधी दगा देते. नवशिक्याचे कॉर्ड, सी, ए मायनर, एफ, जी सेव्हन, सगळे पहिल्या तीन पडद्यांतले. म्हणजे वाद्याचा सगळ्यात सदोष भागच त्याच्या वाट्याला येतो, आणि वर बोटंही दुखतात.

मग बारावा पडदा. तिथं दाबलेला स्वर मोकळ्या तारेचाच, फक्त एक सप्तक वर, लागायला हवा. इथंही दहा सेंटच्या आत. जास्त चूक असेल तर घोडी, म्हणजे तारा खाली जिथं टेकतात तो तुकडा, चुकीच्या जागी चिकटवलेली असण्याचा संभव. शाळेच्या पट्टीनं मोजता येतं: नटपासून बाराव्या पडद्यापर्यंत जितकं अंतर, तितकंच तिथून घोडीवरच्या पांढऱ्या पट्टीपर्यंत, वर एक ते तीन मिलिमीटर जास्त. घोडी सरकवणं घरचं काम नव्हे. असं वाद्य परत ठेवा. बाराव्या पडद्यावर तारेची उंचीही इथंच बघा. एटीएम कार्ड पाऊण मिलिमीटर जाड असतं. पडदा आणि तार यांच्यामध्ये तीन कार्डं अलगद बसली तर छान, चार बसली तर चालेल, पाच बसत असतील तर सॅडल, म्हणजे घोडीवरची पांढरी पट्टी, घासावी लागेल.

उरलेलं पटकन. बाराव्यापर्यंतचा प्रत्येक पडदा प्रत्येक तारेवर वाजवा, अठ्ठेचाळीस स्वर, दोन मिनिटांचं काम. एखाद्याच जागी खरखर येत असेल तर पुढचा पडदा वर उठलाय. दांडीच्या कडेनं बोट फिरवा, पडद्यांची टोकं टोचता कामा नयेत. खुंट्या गिअरच्या हव्यात. नुसत्या घर्षणावर चालणाऱ्या खुंट्या दिसायला देखण्या, पण केसभर फिरवलं की स्वर उडी मारतो. घोडीच्या मागं कागदाची कड घालून बघा. आत शिरली तर डिंक सुटतोय.

ऑनलाइन मागवलं तरी हेच सगळं, फक्त परत करण्याची मुदत संपायच्या आत. खोका उघडतानाचा व्हिडिओ काढून ठेवा. एक खबरदारी: नव्या नायलॉनच्या तारा पहिला आठवडाभर ताणत राहतात आणि दर पाच मिनिटांनी उतरतात. तो दोष नाही. बाराव्या पडद्याशी तार दोन बोटांनी हलकेच वर ओढा, परत सुरात आणा, असं चार-पाचदा केलं की लवकर स्थिरावते. सुरात आणताना नेहमी खालून वर या. चढी झाली तर आधी उतरवा, मग वर चढवा, नाहीतर खुंटीतला ढिलेपणा नंतर तार उतरवतो.

नट उंच निघाला आणि बाकी सगळं ठीक असेल तर वाद्य टाकू नका, ते दुरुस्त होतं. सोनाराकडं असते तशी बारीक कानस लागते, तारेच्या जाडीएवढी. तार सैल करून खाचेतून बाजूला काढा, कानस तीन-चारदा फिरवा, तार परत सुरात लावा, तपासा. दुसऱ्या आणि तिसऱ्या पडद्याच्या मध्ये तार दाबल्यावर पहिल्या पडद्यावर साध्या कागदाएवढी फट राहिली की थांबा. कानस सपाट धरू नका, डोक्याच्या बाजूला उतार ठेवा, म्हणजे तार खाचेच्या पुढच्या काठावरच टेकेल. उतार नसला तर ती खाचेत लोळते आणि झणझणते. मिरजेच्या सतारमेकर गल्लीत घोडी घासून मुद्दाम जी जवारी, म्हणजे तारेची ती झणझण, काढतात तिचं तत्त्व हेच, तार रुंद पृष्ठावर घासत राहिली पाहिजे. सतारीचं ते वैभव, युकुलेलेचा तो रोग. खाच जास्तच खोल गेली तर चिमूटभर खायचा सोडा भरून त्यावर सुपरग्लूचा एक थेंब टाका. क्षणात दगडासारखं होतं, मग पुन्हा कानस.

सॅडल बहुतेकदा नुसती खाचेत बसवलेली असते. तारा सैल केल्या की चिमट्यानं निघते. काचेवर काचपेपर ठेवून तिचं बूड सपाट घासा, वरची गोलाई नाही. हिशेब दुपटीचा: बाराव्या पडद्यावर एक मिलिमीटर उतरवायचं तर बुडातून दोन मिलिमीटर. पेन्सिलनं रेघ मारून अर्धंच घासा आणि लावून बघा. गेलेलं परत येत नाही.

चार हजारांतले तीन हजार वाद्याला, पाचशे चांगल्या तारांना, उरलेले क्लिपच्या ट्यूनरला आणि जमलं तर जाड अस्तराच्या पिशवीला, अशी वाटणी मला पटते. अख्खे चार हजार वाद्यावर घालून घरी येणं ही नेहमीची चूक. सोबत आलेल्या काळ्या, गुळगुळीत तारा काढून फ्लोरोकार्बन किंवा नायलगट जातीच्या बसवल्या की तेच वाद्य मोकळं बोलायला लागतं. क्लिप ट्यूनर लाकडाच्या कंपनावर चालतो, त्यामुळे टाळ-मृदंग चालू असतानाही सूर लावता येतो. फोनला ते जमत नाही. गिटारच्या पोलादी तारा मात्र कुणी कितीही सांगितलं तरी लावू नका. घोडी उपटून हातात येईल.

भजनी मंडळात नेणार असाल तर आणखी दोन गोष्टी. मंडळ काळी एकवर गात असेल तर पहिल्या पडद्यावर कॅपो (सगळ्या तारा एकदम दाबून धरणारा चिमटा) लावा आणि सीचे कॉर्ड धरा. आणि अभंगाची चाल स्वरांनी वाजवायची असेल तर पांढरी एकला सा धरू नका, कारण या वाद्यात त्याच्या खाली स्वरच नाहीत, मंद्रात उतरायची सोय नाही. सा पांढरी चारला घ्या. मग सीची मोकळी तार मंद्र पंचम होते आणि शेवटच्या तारेचा बारावा पडदा तार सप्तकातल्या गंधारापर्यंत नेतो. बहुतेक चालींना एवढा पल्ला पुरतो. अडचण एवढीच की या पट्टीत मध्यमासाठी बी फ्लॅट कॉर्ड लागतो, एका बोटानं दोन तारा दाबून. पहिले तीन आठवडे तो खरखरेल. नट नीट कापलेला असेल तर चौथ्या आठवड्यात लागतो.