प्रांतांचा उपद्रवाचा आदेश हातात पडला, तर

गोठ्याची घाण, फॅब्रिकेशनच्या शेडचा आवाज, रस्त्यात आलेलं कुंपण, पडायला झालेली भिंत. तक्रार प्रांतांकडे, म्हणजे उपविभागीय दंडाधिकाऱ्यांकडे, जाते आणि एक दिवस कागद दारात येतो. वर ‘आदेश’ लिहिलेलं असतं म्हणून लोक घाबरतात, नाहीतर सरळ फाइलला लावून टाकतात. दुसरं जास्त महागात पडतं.

आधी कलम बघा. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचं 152 (1 जुलै 2024 आधीचं फौजदारी प्रक्रिया संहितेचं 133) असेल, तर आदेश सशर्त आहे. मुदतीत उपद्रव काढा, नाहीतर दिलेल्या तारखेला हजर राहून कारण दाखवा. मामलेदार न्यायालय अधिनियमाचं कलम 5 (शेताच्या वाटेतला किंवा पाण्यातला अडथळा तहसीलदारांनी काढण्याचं) असेल, तर ती वेगळी कार्यवाही. खालचं तिथे चालत नाही.

उपद्रवही काढला नाही आणि हजरही झाला नाहीत, तर 152 चा आदेश कायम होतो. त्यानंतरही पाळला नाही, तर प्रशासन स्वतः काम करून घेतं आणि खर्च तुमच्याकडून वसूल करतं. शिवाय भारतीय न्याय संहितेचं कलम 223 आहेच: सहा महिन्यांपर्यंत साधी कैद किंवा 2,500 रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही, जिवाला किंवा आरोग्याला धोका असेल तर एक वर्षापर्यंत कैद किंवा 5,000 रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही. ‘दिवाणीतून स्टे आणतो’ हा गावोगाव मिळणारा सल्ला इथे कुचकामी आहे, कारण 152 खालच्या रीतसर आदेशाला दिवाणी न्यायालयात आव्हान देता येत नाही.

प्रकरण रस्ता, ओढा, चारी किंवा सार्वजनिक जागेतल्या अडथळ्याचं असेल, तर खरी लढाई पहिल्याच तारखेला असते. तुम्ही हजर झालात की नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम 156 प्रमाणे दंडाधिकाऱ्याने विचारायचं असतं, इथे लोकांचा हक्क तुम्हाला मान्य आहे का? त्याची वाट न पाहता लेखी म्हणण्यात पहिल्याच परिच्छेदात लिहा: ‘गट नंबर अमुकमधून सार्वजनिक रस्ता जातो हे जाबदेणार यांस मान्य नाही.’ (जाबदेणार म्हणजे ज्याच्यावर आदेश आहे तो, इथे तुम्ही.) सोबत सातबारा, गाव नकाशा, मोजणीची ‘क’ प्रत, खरेदीखतातल्या चतुःसीमा. मालकी शेवटपर्यंत सिद्ध करायची नसते, विश्वासार्ह पुरावा पुरतो. तो पटला की सक्षम न्यायालय हक्काचा निकाल देईपर्यंत कार्यवाही थांबते. हा नकार त्या टप्प्यावर राहून गेला, की पुढे घेऊ देत नाहीत. ‘मी कुणाला त्रास देत नाही’ एवढंच लिहिलेले खुलासे इथेच मार खातात.

रस्त्याचा प्रश्न नसेल तर कलम 157, म्हणजे पुरावा घेऊन चौकशी. तक्रारदाराचे साक्षीदार तपासायला सांगा, उलटतपास घ्या, रोजनाम्यात (प्रकरणाच्या तारीखवार नोंदवहीत) नोंद होतेय का बघा. फक्त पोलिसांचा किंवा मंडळ अधिकाऱ्यांचा अहवाल वाचून, पुरावा न घेता आदेश कायम केला, तर तो वर टिकणं कठीण. त्रास एकाच शेजाऱ्याला असेल तर तो सार्वजनिक उपद्रव नाही, हेही ठासून मांडा. उलट ‘प्रदूषण मंडळाची संमती आहे’ हे पुरेसं उत्तर नाही; जल आणि वायू कायद्यांमुळे 133 रद्द झालेलं नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने केडिया लेदर प्रकरणात 2003 मध्ये सांगितलं. आणि जाबदेणार नगरपालिका असेल तर ‘निधी नाही’ म्हणू नये. सर्वोच्च न्यायालयाच्या रतलाम नगरपालिकेच्या 1980 च्या निकालाने ती वाट बंद केली.

तक्रारीत तथ्य असेल तर बदल मागा. बहुतेकांना हे सुचतच नाही. कायद्यात ‘बंद करा’ इतकंच ‘नियमन करा’ही आहे, आणि आदेश फेरफार करूनही कायम होतो. ग्राइंडर आतल्या बाजूला, काम सकाळी 9 ते संध्याकाळी 6, शेण दर दोन दिवसांनी उचलणार, असं मोजता येणारं लिहून द्या. काम आधीच झालं असेल तर तारखेसह फोटो आणि तलाठ्याचा पंचनामा जोडा. दुसऱ्या प्रतीवर आवक शिक्का घ्यायला विसरू नका.

157 ची चौकशी 90 दिवसांत संपवायची असते. कारणं नोंदवून 120 पर्यंत नेता येते. निकाल विरुद्ध गेला तर त्याच दिवशी नकलेचा अर्ज टाका. सत्र न्यायालयात रिव्हिजनची (आदेश पुन्हा तपासून घेण्याच्या अर्जाची) मुदत 90 दिवस आहे, पण नुसत्या रिव्हिजनने जेसीबी थांबत नाही. स्थगितीचा अर्ज सोबतच लागतो.