रात्रपाळीचे हिशेब

शनिवार, रात्री

लंडनमधल्या हेंडनच्या आरएएफ (ब्रिटिश हवाई दल) म्युझियममध्ये आज त्या लँकेस्टरखाली, दुसऱ्या महायुद्धातल्या बॉम्बर विमानाखाली, बराच वेळ रेंगाळलो. विमानाचा क्रमांक आर ५८६८. नाकाच्या बाजूला एकेका मोहिमेचा एकेक छोटा बॉम्ब रंगवलाय, ओळीच्या ओळी. एकूण मोहिमा १३७. शेजारी हिटलरच्या हवाई दलाचा प्रमुख गोअरिंग याची फुशारकी जशीच्या तशी उतरवलीय: शत्रूचं एकही विमान राइखच्या, म्हणजे जर्मनीच्या, हद्दीत उडणार नाही. हा खवचटपणा ग्राउंड क्रूचा, म्हणजे जमिनीवर विमानाची देखभाल करणाऱ्यांचा. विमान आपलंच, उडणारी मंडळी ते रात्रीपुरतं उसनं नेतात, अशी त्यांची भावना असायची.

या विमानातून आपले शैलेंद्र एकनाथ सुखटणकर उडाले, ८३ क्रमांकाच्या स्क्वॉड्रनचे नेव्हिगेटर, म्हणजे विमानाचा मार्ग काढणारे, म्हणून. हे नाव आपल्याकडे फारसं कुणी घेत नाही. फायटर वैमानिकाची गोष्ट सांगायला सोपी असते. नेव्हिगेटर पडद्याआड छोट्या दिव्याखाली बसून नकाशा, पेन्सिल आणि घड्याळ सांभाळतो. बाहेर सर्चलाइट आणि तोफा चालू असताना वाऱ्याचा वेग काढतो, आपण कुठे आहोत ते लॉगमध्ये लिहितो. पहाटे परत आल्यावर तो लॉग जमा करायचा, मग कुणीतरी वरिष्ठ तो तपासणार. जीव वाचवून आलेल्या माणसाच्या हिशेबातल्या चुका काढायच्या! मला आधी हसू आलं. मग वाटलं, यापेक्षा शहाणी व्यवस्था दुसरी नसेल. चुकीचा वारा धरला की सातही जण समुद्रात.

१९४३ च्या सुमाराचा बॉम्बर कमांडचा, म्हणजे आरएएफच्या बॉम्बर विभागाचा, दिवस सकाळीच सुरू व्हायचा. हाय विकमच्या मुख्यालयात कमांडचे प्रमुख हॅरिस लक्ष्य ठरवणार, तिथून ग्रुपला (अनेक तळांच्या गटाला) आणि ग्रुपकडून एकेका तळाला हुकूम. तळाचे बाहेरचे फोन बंद. क्रूला कुठे जायचंय ते संध्याकाळपर्यंत कळत नसे, पण पेट्रोल भरणाऱ्याला अंदाज आलेला असायचा. टाक्या गच्च, म्हणजे २,१५४ गॅलन, आणि बॉम्ब कमी, तर लांबचा पल्ला, बहुधा बर्लिन. पेट्रोल कमी आणि बॉम्ब जास्त, तर जवळचं रूरचं खोरं, जर्मनीचा कारखान्यांचा पट्टा. आर्मरर, म्हणजे बॉम्ब चढवणारी मंडळी पावसात, चिखलात ट्रॉल्या ओढत ४,००० पौंडांचा 'कुकी' विमानाच्या पोटाखाली आणायची, भोवती आगलाव्या बॉम्बच्या पेट्या लावायची. दुपारी लक्ष्य बदललं की सगळं उतरवा, नवं चढवा. या लोकांवर फारसं लिहिलं जात नाही, याचा मला राग आहे.

मग ब्रीफिंग. नकाशावरचा पडदा बाजूला होतो, लाल रेघ बर्लिनपर्यंत गेलेली दिसते आणि खोलीतून एकच हुंकार उठतो. त्यानंतर जेवण: बेकन आणि अंडं. बाहेर सामान्य माणसाला आठवड्याला जेमतेम एक अंडं मिळण्याचे ते दिवस. खिसे रिकामे करायचे, रेशमी नकाशा आणि सुटकेचं सामान घ्यायचं, पॅराशूट उचलायचं, ट्रकमध्ये बसून विमानापाशी जायचं. अनेकांच्या आठवणींत सगळ्यात वाईट वेळ इथली आहे, इंजिनं सुरू होण्याआधीची. कधी त्या क्षणी मोहीम रद्द व्हायची. हायसं वाटायचं आणि चिडही यायची, कारण रद्द झालेली रात्र ३० मोहिमांच्या टूरमध्ये (एका क्रूच्या ठरलेल्या पाळीत) धरली जात नसे.

रविवार

काल लिहिताना फोटोचं राहिलं. बॉम्ब सुटला की वळून पळायचं नाही. फ्लॅश पेटून कॅमेऱ्यात फोटो येईपर्यंत अर्धा मिनिट विमान सरळ, एकाच उंचीवर धरायचं. ते अर्धं मिनिट तोफांसाठी आयतं. तरीही धरायचे, कारण लक्ष्यावर गेल्याचा पुरावा तोच. दुसऱ्या दिवशी फोटो भिंतीवर लागणार, कुणाचा बॉम्ब किती मैल हुकला ते सगळे बघणार. गिरणीतल्या रात्रपाळीचं उत्पादन सकाळी मोजावं, तसं.

न परतलेल्यांचीही व्यवस्था ठरलेली होती. फळ्यावर उतरण्याच्या वेळेचा रकाना कोरा राहायचा. सकाळी माणसं येऊन त्यांचे कपडे, वस्तरा, पत्रं गोळा करायची. घरच्यांना लाज वाटेल असं काही असलं तर बाजूला काढायची. लवकरच त्या खाटांवर नवे सात जण. नव्यांशी फार दोस्ती नको, असं जुने ठरवून टाकत.

दुपारी कागदावर गणित मांडून पाहिलं. दर मोहिमेला शंभरात चार विमानं पडतात असं धरलं, तर ३० मोहिमा संपवणारे शंभरात तीसही उरत नाहीत. बॉम्बर कमांडचे सुमारे १,२५,००० उडणारे, त्यातले ५५,५७३ मेले. एकट्या न्यूरेंबर्गच्या रात्री, ३० मार्च १९४४ ला, ९५ विमानं गेली.

पण हे वाचताना माझं मन सारखं विमानाच्या आतल्या बाजूनेच विचार करतं, आणि ते मला खटकतं. जुलै १९४३ च्या शेवटी हॅम्बुर्गमध्ये ३५ ते ४० हजार माणसं मेली, पुष्कळशी एकाच रात्रीच्या आगीत, तळघरांत गुदमरून. आठवड्याभरापूर्वी मी एका मित्राला म्हणालो होतो, ती बिचारी वीस-बावीस वर्षांची पोरं. मित्र म्हणाला, खालीही पोरंच होती, आणि त्यांनी सही करून भरती घेतली नव्हती. मी वाद घातला: युद्ध कुणी सुरू केलं, वॉर्सा, रॉटरडॅम, लंडन. ते मुद्दे मला आजही खरे वाटतात. फक्त तळघरातल्या माणसाला त्यांचा काय उपयोग, हे मला तेव्हाही सांगता आलं नाही आणि आजही येत नाही.